खंडेनवमीला धुतलेला डबा

आमच्या कापसाच्या जिनिंगच्या मालकांना, आबासाहेबांना, विलायतेहून आलेल्या कुठल्याही वस्तूचं भारी कौतुक. पण १९३२ साली त्यांनी मागवलेला तो मुखवटा खरोखर कामाचा होता, हे मी, रावजी मिस्त्री, कबूल करतो. आमचं इंजिन भट्टीत कोळसा जाळून काढलेल्या वायूवर चाले. त्या वायूला ना वास, ना रंग. माणूस डोकं धरून खाली बसतो आणि मग उठतच नाही. आदल्या साली भट्टीवरचा एक गडी असाच गेला, तेव्हा कुठं मालकांचे डोळे उघडले.

रबरी मुखवटा, त्याला नळी आणि नळीला पत्र्याचा डबा. डब्यात काळपट दाणे. साधा कोळसा बाकीचे पुष्कळ विषारी वायू धरून ठेवतो, पण हा वायू त्याला दाद देत नाही; या दाण्यांपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. सोबतच्या इंग्रजी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की दाण्यांना पाणी लागू देऊ नका, लागलं की डबा फुकट. मी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मोठा शहाणा ना मी! भट्टीवर काम करणाऱ्या धुळाप्पाला आणि त्याच्या धाकट्या भावाला, येडूला, एवढंच सांगितलं, "याला जिवापाड जपा."

त्यांनी जपलं. दोघं सांगोल्याकडचे धनगर. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून जिनात आलेले. खंडेनवमीला मी हुकूम सोडला, "सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडा." मी पूजेला आलो तेव्हा पाने, हातोडे, तेलाची झारी अशा रांगेत हळद-कुंकू लावलेला मुखवटाही बसला होता, गळ्यात झेंडूचा हार घालून. मला हसू आलं. नारळ फोडला, प्रसाद घेतला आणि घरी गेलो.

दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत येडू भट्टीखालच्या खड्ड्यात राख काढायला उतरला आणि तिथंच आडवा झाला. शिडीच्या तोंडाशी उभं राहिलं की त्याचं मुंडासं दिसत होतं.

धुळाप्पा मुखवटा घेऊन धावत आला. तो चढवायच्या आधी मी डबा हलवून पाहिला. दाणे खुळखुळायला हवे होते. आवाजच आला नाही. डब्याच्या भोकाशी हळदीचा ओघळ वाळलेला होता.

"हा धुतलास?"

"व्हय की. लई जपून धुतला. आतनं सुदिक. धा तांबे पानी वतलं, मग उनात वाळवला. तुमीच म्हनला हुता, समदी हत्यारं धुवा."

मुखवटा हिसकून मी बाजूला फेकला. धुळाप्पा तसाच शिडीकडं निघाला, तर चौघा गड्यांनी त्याला धरून ठेवलं. "सोडा मला! भाव हाय त्यो माजा!" तो ओरडत होता.

मी कमरेला दोर बांधला, श्वास कोंडला आणि उतरलो. येडूचा दंड हाताला लागला, पण उचलेना. छाती फुटायला आली, तेव्हा मला वर ओढलं. पुन्हा उतरलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्याच्या काखेतून दोर ओवता आला.

वर काढला तेव्हा त्याचे गाल तांबूस होते, उन्हातून चालत आल्यासारखे. "रगत हाय, जित्ता हाय त्यो," म्हणत धुळाप्पा त्याचा तळवा चोळत राहिला. हा वायू मेलेल्यालाही असाच रंग देऊन जातो, हे मला ठाऊक होतं. तरी मी दुसरा तळवा चोळायला घेतला. दुसरं काय करणार होतो?

डॉक्टर आले, येडूचे डोळे उघडून पाहिले आणि मान हलवून गेले. येडूवर घोंगडी घातल्यावर धुळाप्पा उठला. फेकलेला मुखवटा त्यानं उचलला आणि डबा उलटसुलट करून पाहिला.

"मिस्त्री, चुकलं माजं. म्या नीट धुतला नसंल. आत कायतरी घाण ऱ्हायली आसंल, न्हवं?"

कागद माझ्या खिशातच होता. मी खिशावर हात ठेवला, पण तो बाहेर काढला नाही. तो उत्तराची वाट पाहत उभा राहिला, मग हौदापाशी जाऊन बसला आणि डबा पुन्हा धुऊ लागला. मी त्याला थांबवलं नाही.