आत्याच्या हातातला हात

बाबा आणि आत्या एकाच टेबलाशी उभे राहून पुस्तकांचं बाइंडिंग करतात आणि दिवसभर भांडतात. आजी लवकर गेली. बाबांना आत्यानंच वाढवलं, आणि ते काम केव्हाच संपलं हे तिला कोणी सांगितलेलं नाही. बाबा साठीचे झाले, तरी तिच्या लेखी अजून शेंबडेच.

त्या दुपारी खळ पातळ झाली म्हणून दोघांची जुंपली होती. मी पुठ्ठे कापत होते. बाबा उत्तर द्यायला वळले आणि तोंडातला शब्द तोंडातच राहून धाडकन कोसळले. हलवलं, हाका मारल्या, ओ नाही. श्वासही नाही. मी कॉलेजात शिकवलं होतं तशी छाती दाबायला लागले आणि शेजारच्या शिक्केवाल्या काकांना ओरडले, "अँब्युलन्स बोलवा! आणि जिन्यापाशी शॉक द्यायचं मशीन टांगलंय, ते आणा!"

काकांनी फोन कानाला लावूनच मशीन आणलं. चालू करताच ते बोलू लागलं. मी कात्रीनं बाबांचा शर्ट कापला, घाम पुसला आणि चित्रात होतं तसं एक पॅड उजव्या खांद्याखाली, दुसरं डाव्या कुशीत चिकटवलं.

"रुग्णाला स्पर्श करू नका," मशीन म्हणालं.

आत्यानं बाबांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"आत्या, हात सोड."

"मुळीच नाही. एकटं वाटेल त्याला."

"अगं, तू धरलंस तर मशीनला ठोके नीट तपासता येत नाहीत!"

"ते कोण मला सांगणारं?"

आमच्या घरात आत्यापुढे आवाज चढवायची कोणाची टाप नाही. मी चढवला. "तुझ्यामुळे जातील बाबा! सोड!"

चटका बसल्यासारखा तिनं हात सोडला आणि भिंतीला जाऊन टेकली. मशीननं तपासून शॉक द्यायला सांगितलं. सगळे दूर आहेत ना ते बघून मी बटण दाबलं. बाबांचं अंग उडालं. मी पुन्हा छाती दाबू लागले. जरा वेळानं बाबा कण्हले आणि त्यांनी मला बाजूला ढकललं. कोणी ढकलल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

संध्याकाळी हॉस्पिटलात आम्हाला आत सोडलं. बाबा पार गळून गेले होते, पण जागे होते. त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला. "ताई, ये ना."

आत्या दाराशीच थबकली. आयुष्यात कधी कोणाची परवानगी न मागितलेल्या त्या बाईनं नर्सकडे बघून हळूच विचारलं, "सिस्टर, आता हात लावला तर चालेल का हो?"