झाकणाखालचे चार रंग

विनीतने मुंबईहून खेळ आणला होता. एकाने झाकणाखाली चार रंगीत खुंट्या लावायच्या, दुसऱ्याने अंदाज बांधत त्यांचा क्रम ओळखायचा. पोलादपूरहून त्याच्या मामाची श्रुतिका आली होती, जिच्याशी त्याची सोयरीक जमता जमता राहिली होती. तिचा क्रम त्याने दुसऱ्याच अंदाजात ओळखला.

"तुझं मन काय मला नवं हाय गो?" तो म्हणाला. श्रुतिका खिदळली. त्याच्या बायकोच्या, सारिकाच्या, अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आता माझा ओळखा," म्हणत तिने खुंट्या लावल्या. सगळे अंदाज संपले, तरी विनीत चुकतच राहिला.

"तुझ्या मनाचा थांग नाय लागत," तो हसला.

सारिकाने झाकण उचललं. खाली श्रुतिकाचेच रंग होते, त्याच क्रमाने.