गोदूबाईच्या गळ्याला लावलेली गिटार

टण्ण! भर दुपारी निजलेल्या घरात एवढाच आवाज झाला. केसरच्या मांडीवरची तिची लेक ठमी दचकून रडू लागली, आणि भिंतीवर मी थरथरत राहिले. माझी तार तुटली होती.

मित्रांनो, मी गिटार आहे, पण लाकडी नाही. माझं अंग पितळेचं, आणि पोटात ॲल्युमिनियमची वाटी, पापडाइतकी पातळ. तार छेडली की ती थरथरते, म्हणून माझा आवाज मोठा. पण तारांचा सगळा दाबही तिच्यावरच. ती फाटली की मी मुकी.

सत्तेचाळीस साली अलिबागचा एक साहेब मायदेशी निघाला. त्याचं सामान होडीत चढवणाऱ्या अनंता कोळ्याला त्याने मला देऊन टाकलं. अनंता मला मांडीवर आडवी घेई, तारांवर लोखंडी नळीचा तुकडा सरकवी, आणि मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात गाऊ लागे. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजत. त्याची बायको केसर खोबरेलाच्या फडक्याने त्या पुशी. फार हलका हात होता तिचा.

ती तार तुटली सत्तावन्न साली. अनंताच्या बहिणीची हळद चार दिवसांवर आली होती. त्याने मुंबईच्या लाँचवरून नव्या तारा मागवल्या, सर्वांत जाड. होडीचा दोर जितका जाड आणि ताठ तितका भरवशाचा, हे त्याच्या हाडात भिनलेलं. मलाही त्याने तसंच आवळायला घेतलं. तारा जाड, सूर मात्र जुनाच, उंच.

एक पीळ. माझी मान पुढे ओढली गेली. दुसरा पीळ. पोटातली वाटी दबली. मित्रांनो, मला आपणहून ओरडता येत नाही. आता फाटणार, आता फाटणार, एवढंच मनात.

केसरने माझ्या पोटाला कान लावला. "अवो, थांबा! आत करकरतंय."

"सैल दोरावर होरी ऱ्हाते का गं?" अनंता हसला. हात पुन्हा खुंटीवर गेला.

"मेल्या, हलद हाय का हिचं मरन?" दारात गोदूबाई उभी होती. ती धवलारीण. तिने धवले गायल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नसे. "माजा गला आता तितका वर जात न्हाय. हिला खाली आन, माज्यापातूर."

"जाड तारा आनल्यात, आजी."

"मंग? जाड बाईला नाचव, उड्या नको मारायला लावू!"

केसर फिसकन हसली. गोदूबाईने खालचा सूर धरला, अनंता फुगलेल्या तोंडाने तारा उतरवू लागला. जाड होत्या, म्हणून उतरूनही लुळ्या पडल्या नाहीत. रांजणातून यावा तसा आवाज निघाला. केसरचा सुटलेला श्वास माझ्या पितळेवर उमटला.

पण वाटीला एक बारीक चीर गेलीच. अजूनही खुंटी फिरली की माझा जीव गोळा होतो. म्हणून सांगते, मित्रांनो, जाड तार चढवलीत तर सूर उतरवा. वाजवून झालं की पुसा. आतून करकर आली, तर हात थांबवा.

बासष्ट साली गोदूबाई गेली. तेराव्यानंतर केसर मला पुसायला बसली. सात वर्षांच्या ठमीने एक तार छेडली. तोच खालचा सूर.

"आये, गोदूआजीचे धवले आता कुनालाच येत न्हाईत?"

"न्हाय गं बाय."

"मंग हिला आता कुनाच्या गल्याला लावायची?"