सरपंचाच्या आईचा ओटा

मुलगा सरपंच झाला तर आपल्याला काय मिळेल, याचा हिशोब पुष्पाबाईंनी प्रचारातच मांडून ठेवला होता. मानधन दीपकचं, सही दीपकची. पण ओटा आपला. दाखला हवा, नळ हवा, नवऱ्याशी भांडण झालं, की गल्लीतल्या बाया आधी येणार त्या सरपंचाच्या आईकडे. म्हणून निकालाआधीच त्यांनी ओट्याला नवी फरशी बसवून घेतली.

दीपक जळगावला इंजिनियर झालेला. “मी मोजून काम करीन,” एवढ्या एका वाक्यावर तो निवडून आला आणि धुळे तालुक्यातल्या त्या गावात पहिलं काम त्याने गल्लीतल्या गटारीचं घेतलं. तीन पायांच्या स्टँडवर लेव्हल मशीन लावून, एक डोळा मिटून दोन दिवस उतार पाहिला. कमीत कमी खोदाई कुठे, ते कागदावर आलं: त्यांच्या घराच्या समोरच्या बाजूने. त्या बाजूला आठ ओटे गल्लीत पुढे आलेले, ते फोडावे लागणार, आणि आठही घरं पडलेल्या उमेदवाराची, म्हणजे चिंधा आबांची, आणि त्यांच्या भाऊबंदांची.

ग्रामसभेत चिंधा आबा हसतच उठले. “दीपकभाऊ, तुनी दुर्बीणले पानी दिसस. मतं बी दिसतस का?”

“आबा, उतार त्याच बाजूला आहे. मी काय करू?”

“उतारले बी मतदान करता येस का रे?”

सभा खदखदून हसली. दीपक कागद उलटसुलट करू लागला. लेकाचा पडलेला चेहरा पुष्पाबाईंना बघवेना. त्या तरातरा उठल्या.

“मंग काय मना ओटा फोडाना शे का?”

हा टोमणा होता, हे सगळ्या गावाला कळलं. फक्त इंजिनियरला कळलं नाही. प्रश्न आला की उत्तर काढायचं, एवढंच चार वर्षं शिकलेला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मशीन घेऊन घरासमोरच उभा.

“आई, बसतंय गं! फूटभर जास्त खोदावं लागेल, पण या बाजूला एकच ओटा मध्ये येतो.”

“कोणाचा?” पुष्पाबाईंनी उगाच विचारलं.

“तूच सुचवलंस ना काल!”

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. भर सभेत बोललेलं, आणि चिंधा आबा तर पारावर सांगत सुटले होते, “माय असावी तर अशी!” फरशी तेवढी अलगद काढा, असं बजावून पुष्पाबाई आत गेल्या. ती काढताना निम्मी फुटली.

गटार झाली, पाणी वाहू लागलं. दाखल्यासाठी, नळासाठी बाया आता समोर चिंधा आबांच्या बायकोच्या, मंजुळाबाईंच्या ओट्यावर जमतात. सरपंचाच्या आईलाही गटार ओलांडून तिथेच जाऊन बसावं लागतं. “या अक्का, टेका,” म्हणून मंजुळाबाई जरा सरकून जागा देतात.

एकूण हिशोब असा: गटार गावाला मिळाली, आठ ओटे आबांचे वाचले, शिकलेला सरपंच म्हणून नाव दीपकचं झालं. आणि भरलं कोणी? नव्या फरशीसकट पुष्पाबाईंनी.