बर्फावरची बशी

ताईच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी बशीत वाढवायला माझ्याच हाती आल्या. याला नशीब म्हणायचं की थट्टा, देव जाणे! प्रयोगशाळेत मी हेच काम करते. पेशीची दोन शकलं व्हायची तर आत बारीक दोरे उभे राहतात. ते वाढतात, मोडतात, पुन्हा वाढतात आणि गुणसूत्रांना दोन्हीकडे ओढून नेतात. ताईचं औषध या दोऱ्यांना मोडूच देत नाही. दोरे ताठरले की पेशी अर्ध्यातच अडकते आणि मरते. निदान मरायला हवी.

गारठ्यात हे दोरे विरघळून जातात. औषधाने धरलेले मात्र टिकतात. म्हणून औषध घातलेली बशी आम्ही बर्फावर ठेवून बघतो; दोरे उरले तर औषधाने धरलं, हे मी ताईलाही सांगून ठेवलं होतं.

इकडे ताईची बोटं सुन्न पडली होती. दोरे नसांतही असतात, मेलं औषध तिथेही चिकटतं. स्वेटरचं बटण लागेना, कप हातातून सुटे. मी खेकसायची, "अगं, हाक मारायला तोंडही सुन्न झालंय का?"

ती हसायची. "बोटं गेली तर गेली. औषध लागू पडतंय, त्याचीच ही खूण."

आधीची दोन औषधं फुकट गेली होती. यापुढे डॉक्टरांकडे काही नव्हतं.

आज सकाळी बर्फावरची बशी भिंगाखाली घेतली. एक दोरा दिसेल तर शपथ! गाढवे, औषध घालायला विसरलीस, असं म्हणत मी नवी बशी घेतली आणि डोळ्यांत तेल घालून औषध टाकलं. संध्याकाळीही तेच. मग ती बशी उबेला ठेवली, तर दोरे भराभर उगवले आणि एक पेशी माझ्यादेखत दोन झाली. मेलीला कसली ती घाई! मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

औषधाने धरली होती ती फक्त माझ्या बहिणीची बोटं.

घरी आले तर ताई पलंगावर बसून स्वेटरच्या बटणाशी झटत होती. मी समोर बसले. खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं आणि कॉलर नीट केली.

"आज ओरडली नाहीस," ती म्हणाली.

मी वरचं बटण पुन्हा एकदा चाचपलं.

"म्हणजे औषधाने नाही धरलं ना गं?"