पायरीपासून दहा मीटर

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मोजमापाचा. कातडी डबीत गुंडाळलेली तीस मीटर पोलादी पट्टी.

कारखान्यातून मी थेट पाणीखात्यातल्या एका फिटरच्या हाती आलो. बत्तीस वर्षं त्यांनी मला पुसलं, तेल लावलं. वापरून वापरून माझे सुरुवातीचे आकडे पुसले गेले, तरी त्यांनी मला टाकलं नाही. एकच्या खुणेपासून मोजायचे आणि शेवटी एक वजा करायचे.

आमच्या शहरात रस्ता एका खात्याचा, वीज दुसऱ्याची, पाणी तिसऱ्याचं. रस्तेवाले पदपथाच्या कडेपासून मोजत, वीजवाले खांबापासून, पाणीवाले रस्त्याच्या मध्यापासून. रस्ता रुंद झाला की पाइप जमिनीत जागच्या जागी, पण कागदावर भलतीकडे! मग कुदळ नेमकी पाइपावर बसायची, दवाखान्याचे नळ कोरडे पडायचे आणि प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं.

फिटरबाबांनी दवाखान्याची दगडी पायरी धरली. “ही कुठल्याच खात्याची नाही, म्हणून जागची हलायची नाही,” ते हसून म्हणत. तिथून मोजून त्यांनी सगळे पाइप, सगळ्या तारा वहीत उतरवल्या. साहेबांनी शाबासकी दिली. वही मात्र कोणी मागितली नाही.

ते गेले. वर्षभर मी कपाटात होतो. त्यांची लेक कपाट उघडायची, मला बघायची आणि पुन्हा लावून घ्यायची.

एका सकाळी वीजवाले दवाखान्यासमोर खणायला आले. लेक मला आणि वहीला घेऊन धावली.

“ताई, आमच्या नकाशात इथं पाइप नाही,” मुकादम म्हणाला.

“नकाशात नसेल. जमिनीत आहे.”

“मग पाणीखात्याचं पत्र आणा.”

“पत्र येईपर्यंत आतल्या बाळंतिणींनी काय करायचं? दोन मिनिटं थांबा, दादा.”

तिने मला पायरीला लावलं. मुकादम हसला. “अहो, शून्य सोडून एकवर धरलंत!”

“बाबा तसंच धरायचे.” तिचं बोट अकरावर थांबलं. “दहा मीटर. इथं हळू, हाताने खणा.”

गुडघाभर खाली पाइप दिसला. मग मुकादमाने स्वतःच बाकीच्या दोन्ही खात्यांना फोन लावले.

आता त्या पायरीवर पितळी खूण आहे आणि वहीची नक्कल तिन्ही कचेऱ्यांत. भांडणं संपली असं नाही. पण मोजायला सगळे एकाच पायरीशी येतात.

मित्रांनो, हत्यार जुनं झालं म्हणून फेकू नका. आणि मोजण्याआधी, कुठून मोजायचं ते एकत्र बसून ठरवा.

परवा कोणीतरी लेकीला म्हणालं, “ताई, नवा टेप घ्या आता.”

ती मला तेल लावत होती. म्हणाली, “कशाला? वजाबाकी येते मला.”