गॅरेजमधला सूर्य

"सरका, सरका! पुढच्यांनी खाली बसा, म्हणजे मागच्यांनाही किरण मिळतील!"

गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबलावर एक पोलादी गोळा, त्याला काचेची खिडकी, आणि खिडकीत जांभळा उजेड थरथरत होता. शेजारच्या पेटीतून टिकटिक चालली होती. गोळ्याचा कर्ताकरविता दादा पांढरा कोट चढवून हातवारे करत बोलत होता.

"सूर्याच्या पोटात जे चालतं, तेच इथे चालतं! हायड्रोजनला हायड्रोजन चिकटतो आणि न्यूट्रॉन सुटतात. एकेक टिक म्हणजे एकेक न्यूट्रॉन! गाठ असो, गुडघा असो, आरपार जातो आणि दुखणं घेऊन बाहेर पडतो!"

बाहेर पडून ते दुखणं कुठे टाकतो, हे काही कोणी विचारलं नाही.

"माझा गुडघा बघा!" म्हणत शिंपी उठून उभा राहिला. कळ बिचाऱ्याच्या तोंडावर दिसत होती, पण टाळ्या पडल्याच.

"आणि मी सांगतो म्हणून मानू नका," दादाने आवाज चढवला. "माझी सख्खी बहीण हॉस्पिटलात किरणांच्या विभागात आहे. तिने स्वतः तपासलंय!"

दारातून आत शिरणारी ती धाकटी बहीण चपापली. तिने काहीएक तपासलं नव्हतं. गोळा ती आज पहिल्यांदाच बघत होती.

पहिल्या रांगेत आई बसली होती. स्कार्फ बाजूला सारून तिने गळ्याची गाठ गोळ्यासमोर धरली होती. तिचं ऑपरेशन ठरलं होतं. "नको ती चिरफाड, माझ्या लेकाच्या किरणांनी विरघळतेय," असं तिने परस्पर डॉक्टरांना कळवून टाकलं होतं. आणखी उशीर केला तर गाठ हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी धाकटीला बजावलं होतं.

तरी धाकटीला अजून राग आला नव्हता. तिला भीती वाटत होती. दादा लहानपणापासून खटपट्या. सगळं घर हसायचं तेव्हा ही पान्हे हातात धरून त्याच्याजवळ बसायची. जमलंच असेल याला, तर? खरे न्यूट्रॉन रोज इतक्या जवळून अंगावर घेतले, तर ही माणसं बरी होण्याऐवजी आजारी पडायची. म्हणून तर तिने हॉस्पिटलातून मेणाचा जाड ठोकळा मागून आणला होता.

"दादा, मला मोजून बघू दे."

"बघ की! बघा मंडळी, पुन्हा एकदा तपासतेय!"

पेटीला तारेने एक धातूची नळी जोडलेली होती. न्यूट्रॉन टिपायचे ते या नळीने. पण वेगाने पळणारा न्यूट्रॉन तिच्यातून निसटून जातो. मेणात अडखळून मंदावला, की सापडतो. धाकटीने नळी ठोकळ्यात बसवली. टिकटिक कितीतरी वाढायला हवी होती. ती तसूभरही वाढली नाही.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने दादाला मागच्या मोरीपाशी नेलं.

"दादा, चूक झालीय तुझी. हे न्यूट्रॉन नाहीतच."

"हळू बोल. माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"गोळ्याच्या विजेच्या केबलला पेटीची तार मीच गुंडाळली. त्याशिवाय पेटी गप्पच बसायची. अगं, लोक येतात, मान देतात, बिघडलं कुठे? तू नुसतं हो म्हण."

"आणि आई?"

दादाने नळ सोडून उगाच हात धुतले. "तिला बरं वाटतंय ना?"

चूक असती तर तिने पोटात घातली असती. पण हा सख्ख्या आईला जाणूनबुजून खोट्यासमोर बसवत होता, आणि वर बहिणीच्या नावाने ग्वाही देत होता! तिला रडू फुटत होतं आणि संतापही आवरत नव्हता. ती तडक गर्दीसमोर आली.

"सगळ्यांनी इकडे बघा." तिने नळी तारेपासून सोडवली आणि शिंप्याच्या हातात दिली. "न्यूट्रॉन टिपते ती ही. आता पेटीला काही कळायचं कारण नाही."

पेटी टिकटिकतच राहिली.

"अहो, मग ती मोजतेय काय?" शिंप्याने विचारलं.

"काही नाही. मिक्सर लावला की रेडिओत खरखर येते ना, तीच ही." तिने गोळ्याच्या केबलला गुंडाळलेली तार उलगडून लांब धरली. पेटी गप्प झाली. गोळ्यात उजेड तसाच होता.

"मग हा उजेड?"

"हवा काढलेल्या भांड्यात वीज सोडली की असा उजेड पडतो. दुकानांच्या पाट्यांत रोज बघता तुम्ही."

"आज यंत्र बिघडलं असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

"हो, आजच जरा..." दादाने लगेच उचलून धरलं.

"बिघडलेलं नाही!" धाकटी कडाडली. "हे खरं असतं तर तुम्ही सगळे आज हॉस्पिटलात असता. आणि माझ्या नावावर विसंबलात, पण मला एकाने तरी विचारलं? कोणी काही मोजून दाखवलं, की म्हणा, आता मोजायचं साधन काढूनही दाखव. एवढं म्हणायला पदवी लागत नाही. दुखणं तुमचं आहे, तर प्रश्नही तुम्हीच विचारा."

आई खुर्चीतून उठली आणि दादासमोर जाऊन उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

दादाने पांढऱ्या कोटाची बटणं सोडायला घेतली.

"रोज तुझ्या डोळ्यांसमोर बसत होते रे मी. एकदा तरी 'आई, ऊठ' म्हणायचं होतंस."

तिने स्कार्फ नीट गुंडाळला आणि धाकटीचा हात धरला. "डॉक्टरांना फोन लाव. आत्ताच्या आत्ता."